मदत हवी आहे : हरित पट्ट्यातल्या कॉलनीविरुद्ध हरकत कशी नोंदवावी? (इंदूर)

नमस्कार मंडळी. आम्ही धार रोडच्या बाजूला राहतो. आमच्या घरांमागची जमीन इंदूर विकास योजना २०२१ च्या नकाशात हिरवी दाखवली आहे. गेल्या महिन्यात तिथे चुन्याच्या रेघा पडल्या, आता प्लॉटचं बुकिंग सुरू आहे म्हणे. पावसाचं पाणी याच उतारावरून सिरपूर तलावाकडे जातं. होळकरांच्या काळातला तलाव, २०२२ मध्ये रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) आला. वरचा उतार सिमेंटखाली गेला तर तलावात काय उतरणार? आई रोज पहाटे तिथे पक्षी बघायला जाते, तिला हे सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

मी इतकंच वाचलंय की जमिनीचा वापर बदलायचा तर मध्य प्रदेशच्या १९७३ च्या नगर तथा ग्राम निवेश (म्हणजे नगररचना) कायद्यातल्या कलम २३-क खाली जाहीर सूचना काढून लोकांच्या लेखी हरकती मागवाव्या लागतात. आम्हाला तशी सूचना दिसली नाही. पटवाऱ्याकडून (तलाठ्याकडून) त्या जमिनीचा खसरा क्रमांक, म्हणजे सर्व्हे नंबर, मिळाला आहे.

आता आधी माहिती अधिकारात अर्ज टाकू, की थेट कलेक्टरांच्या जनसुनवाईत (लोकांच्या तक्रारी ऐकतात तिथे) जाऊ? हरकत एकेकट्याने द्यावी की रहिवाशांची एकत्र? कुणी अशी लढाई दिली असेल, किंवा ओळखीत जमिनीच्या कामातले वकील असतील, तर कृपया लवकर सांगा. जेसीबी दारात उभी आहे.