धूर पिस्टनचा नाही, सीलचा

भाऊ, यामाहाच्या टू-स्ट्रोक आरएक्स १०० ला बोअर झाला (सिलिंडर आतून घासून मोठा केला), पिस्टन-रिंगा नव्या टाकल्या, तरी निळा धूर जात नाही म्हणता. मग आधी गिअर ऑइल बघा. ते कमी होत असेल तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील (क्रँकच्या दांड्याभोवतीची रबरी कडी) गेलंय, इंजिन तेच ऑइल ओढून जाळतंय.

मॅग्नेटोकडचं (वीज तयार करणाऱ्या चाकाच्या बाजूचं) सील गेलं तर हवा शिरते, आयडलिंग आपोआप चढतं, प्लग पांढरा पडतो. हे जास्त वाईट, इंजिन तापून जाम होतं. माझी गाडी मे महिन्यातल्या भर दुपारी बुटीबोरीच्या अलीकडे अशीच जाम झाली, किक खाली जाईना. उघडलं तर पिस्टनवर एक्झॉस्टच्या अंगाला उभे ओरखडे, ॲल्युमिनियम सिलिंडरला चिकटलेलं. मिस्त्रीनं सीलं जुनीच ठेवली होती, 'चालते ना भाऊ' म्हणून!

दोन्ही सीलं एकदमच बदला. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, रिंगची तोंडं खाचेतल्या पिनवरच. पिन चुकली तर रिंग सिलिंडरच्या पोर्टमध्ये (भोकात) अडकून तुटते. आणि ऑटोल्यूब पंपातली (इंजिनला आपोआप ऑइल देणारा पंप) हवा काढल्याशिवाय किक मारू नका. मी तर पहिली टाकी पेट्रोलमध्येही थोडं टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल टाकूनच चालवतो, धूर झाला तर झाला.