मदत हवी आहे: स्लीव्ह सर्जरीनंतर सावकाश जेवताना काय ऐकू?
वजन कमी करण्यासाठीच्या स्लीव्ह सर्जरीला 3 महिने झाले. जठराचा साधारण 80 टक्के भाग काढलाय, त्यामुळे वाटीभर जेवण 20-30 मिनिटं पुरवून खा, असं आहारतज्ज्ञांनी बजावलंय. माझं 7 मिनिटांत संपतं. मग घास छातीत अडकतो, तोंडाला पाणी सुटतं आणि उलटी. डॉक्टरांना सांगितलंय, त्यांच्या मते वेगच नडतोय. चहाचा चमचा वापरला, टायमरही लावला, पण ते जेवण कसलं, परीक्षाच! माझी आवडती गाणी सगळी ढिनच्याक, चमचा त्यांच्याच ठेक्यावर पळतो. परवा विलंबित ख्याल लावला तर 12 मिनिटं टिकले. द्रुत सुरू झालं आणि वाटी रिकामी. शब्द असले की गुणगुणते, म्हणून वाद्यसंगीतच हवं. अर्धा तास लय न वाढणारं काय लावू? नुसत्या आलापीचा कुणाला उपयोग झालाय का?