एकाच खेपेतली बीअर: निम्म्या बाटल्या सपक, निम्म्या उतू जाणाऱ्या

लीड्सकर:
नमस्कार. इंग्लंडात घरच्यापुरती बीअर करायला १९६३ पासून परवाना लागत नाही, त्या सवलतीचा फायदा घेऊन मी गेल्या वर्षापासून लीड्समध्ये २० लिटरच्या खेपा करतो आहे. आंबवण्यापर्यंत सारे सुरळीत जाते, घोडे अडते ते बाटलीत. या वेळच्या पेल एलचे (फिक्या रंगाच्या बीअरचे) सुरुवातीचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेतली घनता, जी साखर आंबत जाते तशी उतरते, १.०५० होते. दहाव्या आणि अकराव्या दिवशी ते १.०१२ भरले, म्हणून आंबणे संपले असे धरून मी भांड्यात १०० ग्रॅम हॉप्स (बीअरला कडवटपणा नि सुगंध देणारी फुले) टाकले आणि चार दिवसांनी, पुन्हा न मोजता, बाटल्या भरल्या. अर्ध्या लिटरच्या ३८ बाटल्या झाल्या. प्रत्येकीत चहाच्या चमच्याने एकेक चमचा साखर घालून झाकणे ठोकली. जागा नसल्यामुळे २० बाटल्या गॅरेजमध्ये ठेवल्या, जिथे सध्या पारा ११ अंशांच्या वर जात नाही, आणि १८ बाटल्या बॉयलरच्या उबदार कपाटात ठेवल्या.

तीन आठवड्यांनी गॅरेजमधली एक बाटली उघडली, तर झाकण नुसते "च्" म्हणाले आणि आतली बीअर किंचित गोडसर नि सपक निघाली. कपाटातली उघडली तेव्हा दूध उतू जावे तसा फेस वर आला आणि निम्मी बीअर सिंकमध्ये गेली. काल रात्री त्याच कपाटात एक बाटली फुटली आणि तिच्या काचा वरच्या खणातल्या टॉवेलांच्या घड्यांत घुसल्या. एकाच भांड्यातली बीअर दोन तऱ्हांनी का वागते, उरलेल्या बाटल्यांचे काय करावे, आणि साखरेचे खरे प्रमाण किती, हे कोणी नीट समजावून सांगेल का? साखरेऐवजी गूळ चालेल का, हाही एक प्रश्न आहे, कारण भारतातून आणलेली अर्धी ढेप घरात पडून आहे.

स्खेल्डेकाठी:
आधी कपाट, चर्चा नंतर. डोळ्यांवर संरक्षक चष्मा आणि हातात जाड हातमोजे घालून त्या बाटल्या, एकमेकींवर आपटू न देता, झाकणाच्या प्लास्टिक पेटीत उभ्या ठेवा आणि पेटी दोन दिवस फ्रिजमध्ये किंवा मिळेल तितक्या थंड जागी राहू द्या. गार बीअरमध्ये वायू अधिक विरघळून राहतो आणि बाटलीवरचा दाब उतरतो. नेहमीच्या बेताने भरलेल्या बाटलीत २० अंशांना जो दाब सुमारे २ बार असतो, तोच ४ अंशांना पाऊण बारच्या आसपास येतो. पूर्ण गार झाल्याखेरीज एकही झाकण काढू नका.

आता साखरेचा हिशेब. बीअरमधला वायू व्हॉल्यूममध्ये मोजतात: एका लिटर बीअरमध्ये एक लिटर कार्बन डायऑक्साइड म्हणजे एक व्हॉल्यूम, वजनाने जवळजवळ २ ग्रॅम. यीस्ट एक ग्रॅम साखरेतून साधारण अर्धा ग्रॅम वायू काढते, म्हणून लिटरला ४ ग्रॅम साखर घातली की एक व्हॉल्यूम वाढतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले. मात्र आंबून झालेली बीअर वायूने रिकामी नसते. २० अंशांना आंबलेल्या बीअरमध्ये ०.८५ व्हॉल्यूमच्या आसपास वायू आधीच असतो. तुमच्या पेल एलला २.४ व्हॉल्यूम शोभतील, म्हणजे तूट १.५५ ची, म्हणजे लिटरला सुमारे ६.२ ग्रॅम, म्हणजे २० लिटरला १२४ ग्रॅम साखर. चहाचा सपाट चमचा ४ ग्रॅमचा आणि शिगोशीग भरलेला ६ ग्रॅमचा धरला, तर अर्ध्या लिटरच्या बाटलीत तो लिटरला ८ ते १२ ग्रॅम होतो. याचा अर्थ तुमची सर्वांत कंजूष बाटलीसुद्धा हवी त्यापेक्षा अधिक गोड होती.

तरीही केवळ चमच्याने काच फुटेल असे मला वाटत नाही. माझा संशय त्या १.०१२ वर आहे. गार केलेल्या एका बाटलीतली बीअर एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहून तिच्यातला वायू पूर्ण घालवा, ती २० अंशांना येऊ द्या आणि गुरुत्व मोजून इथे सांगा. गॅरेजमधल्या एका बाटलीचेही तसेच मोजा.

लीड्सकर:
मोजले. कपाटातली १.००८, गॅरेजमधली १.०१४. बाटलीत साखर घातली असताना गुरुत्व १.०१२ च्याही खाली कसे गेले, ते मात्र कळले नाही.

ॲडलेडची_मावशी:
कोडे तुमच्या हॉप्समध्ये आहे. हॉप्सच्या फुलांत पिष्ट तोडणारी विकरे (एन्झाइम) थोड्या प्रमाणात असतात. उकळत्या वर्टमध्ये (आंबवण्याआधीच्या माल्टच्या रसात) ती नष्ट होतात, परंतु आंबलेल्या थंड बीअरमध्ये कोरडे हॉप्स टाकले की ती शाबूत राहून, यीस्टला न पचलेल्या डेक्स्ट्रिनांचे (पिष्टाच्या मोठ्या तुकड्यांचे) लहान तुकडे करतात, आणि या नव्या साखरेमुळे झोपलेले यीस्ट पुन्हा जागे होते. हा शोध आजचा नाही. हॉरेस ब्राउन आणि हॅरिस मॉरिस या दोघा ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी १८९३ मध्येच याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, कारण पिंपात हॉप्स टाकले की एल पुन्हा फसफसू लागते हा तिथल्या मद्यशाळांचा रोजचा अनुभव होता. पुढे ही गोष्ट बरीचशी विस्मरणात गेली, आणि भरपूर हॉप्सच्या आयपीए जातीच्या बीअर लोकप्रिय झाल्यावर तिने अनेकांना नव्याने दणके दिले.

तुमच्या आकड्यांत ती स्पष्ट दिसते. बाटलीतल्या साखरेने गुरुत्व सुमारे तीन अंकांनी (एक अंक म्हणजे ०.००१) चढले, ती साखर आंबताच ते उतरले आणि तिच्या अल्कोहोलमुळे अर्धा अंक आणखी खाली गेले. म्हणजे ते १.०११५ च्या आसपास थांबायला हवे होते, तर ते १.००८ ला गेले. एक अंक म्हणजे ढोबळमानाने अर्धा व्हॉल्यूम, त्यामुळे हे वरचे साडेतीन अंक पावणेदोन व्हॉल्यूमचे झाले. चमच्याचे दोन-तीन, आधीचे ०.८५ आणि हे पावणेदोन मिळून बेरीज साडेचारच्या वर जाते. गव्हाच्या बीअरला चार व्हॉल्यूम चालतात, पण साध्या तपकिरी बाटलीकडून मी तीनच्या वर अपेक्षा ठेवत नाही.

गॅरेजमधल्या बाटल्या निर्दोष आहेत असे कृपया समजू नका. तिथल्या गारठ्यात यीस्ट जवळजवळ पेंगते आहे एवढेच; १.०१४ वरून १.००८ पर्यंतचे सहा अंक, म्हणजे तीन व्हॉल्यूम, त्यांच्यात अजून शिल्लक आहेत. त्या बाटल्या तशाच कपाटात नेल्यात तर पंधरवड्यात टॉवेलांची पुन्हा तीच गत होईल.

इथे ॲडलेडमध्ये कूपर्स या इथल्याच मद्यशाळेच्या बीअरची बाटली मुद्दाम आडवी लोळवून तळाचा साका ढवळतात आणि मगच ओततात, त्यामुळे बाटलीत जिवंत यीस्ट असण्याचे कोणाला अप्रूप नाही. माझी स्वतःची एक सवय मात्र सांगते. प्रत्येक खेपेतली एक बाटलीभर बीअर मी सोड्याच्या रिकाम्या, धुतलेल्या प्लास्टिक बाटलीत भरते, हवा दाबून काढते, आणि झाकण लावून बाकीच्यांशेजारी ठेवते. ती दगडासारखी घट्ट झाली की वायू झाला असे समजावे, आणि दोन-तीन दिवसांत झाली तर काहीतरी बिघडले आहे असे समजून सगळ्या बाटल्या गार कराव्यात. काचेची बाटली आधी सूचना देत नाही, प्लास्टिकची देते.

स्खेल्डेकाठी:
मावशींनी नेमके सांगितले; हॉप्सचा मुद्दा माझ्या लक्षात यायला हवा होता. यापुढे हॉप्स टाकल्यावर भांडे २० अंशांना राहू द्या आणि तीन दिवस गुरुत्व हलले नाही तरच बाटल्या भरा. तुमचे दोन मोजमापांतले अंतर एका दिवसाचे होते आणि दोन्ही हॉप्सच्या आधीची होती. सैझाँ या बेल्जियन बीअरच्या काही यीस्टांमध्ये डायस्टॅटिकस नावाचा प्रकार असतो, ते स्वतःच डेक्स्ट्रिने तोडते, त्याच्या बाबतीत तर याहून धीर धरावा लागतो.

बेल्जियममधल्या ऑर्व्हालच्या मठात बीअरची बाटली भरताना ब्रेटानोमायसेस जातीचे यीस्ट जाणूनबुजून घालतात. नेहमीच्या यीस्टने सोडून दिलेल्या शर्करा ते महिनोन्महिने खात राहते, पण किती खाणार हे आधीच धरून तिथला हिशेब बांधलेला असतो. आपल्याकडे तो अंदाज नसतो, म्हणून आपण थांबावे.

साखर चमच्याने घालणे सोडा. १२४ ग्रॅम तराजूवर मोजून पाव लिटर पाण्यात उकळवा (एकतारी वगैरे काही नको, विरघळून पाच मिनिटे उकळी आली की पुरे), गार करून दुसऱ्या स्वच्छ बादलीच्या तळाशी ओता आणि बीअर नळीने त्यावर, न खळखळवता, सोडा. मग मोठ्या डावाने दोनदा हळूच फिरवा. न ढवळलेला पाक तळाशी बसतो आणि पहिल्या बाटल्या दारूगोळा, शेवटच्या सपक असा प्रकार होतो. साखरेचे प्रमाण काढून देणारे इंटरनेटवरचे गणकयंत्र वापरलेत आणि त्याने तापमान विचारले, तर आंबणे संपल्यानंतर बीअरने पाहिलेले सर्वांत वरचे तापमान द्यावे, आजचे नव्हे. भांडे ४ अंशांना गार करून तो आकडा दिलात तर यंत्र वायू जास्त धरते आणि साखर कमी सांगते. बाटल्या २० ते २४ अंशांना दोन-तीन आठवडे ठेवाव्यात. बेल्जियममधल्या ड्यूव्हेल बीअरच्या मद्यशाळेतही बाटल्या आधी सुमारे २४ अंशांच्या खोल्यांत आणि मग थंड तळघरांत मुरतात.

पुण्याहून:
गुळाबद्दल. लिटरला सहा ग्रॅम गुळाचा स्वाद हॉप्सपुढे कोणाच्याही जिभेला लागणार नाही, आणि ढेपेतला ओलावा ढेपेगणिक बदलतो, म्हणून हिशेब मात्र नक्की चुकतो. तेवढी अर्धी ढेप तुम्ही पोळीसाठी ठेवावी हे बरे. महाराष्ट्रातून हा धागा वाचणाऱ्यांसाठी एक सूचना: इथे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्यावाचून मद्य बनवणे गुन्हा आहे, घरच्यापुरते असले तरी.

लीड्सकर:
सर्वांचे आभार. कपाटातल्या उरलेल्या १५ बाटल्या दोन दिवस गार करून काल एकेक उघडल्या. दोन तरीही उतू गेल्या, बाकीच्या रुंद भांड्यात हळू ओतून निवल्यावर प्यायजोग्या निघाल्या. गॅरेजमधल्या १८ बाटल्यांची झाकणे काढून नवी लावली आणि त्या झाकणाच्या पेटीत घालून दिवाणखान्यात १९ अंशांना ठेवल्या आहेत. त्यांतलीच थोडी बीअर काढून सोड्याच्या एका प्लास्टिक बाटलीतही भरली आहे. आज पाचव्या दिवशी ती दाबून पाहिली, तर अंगठा जेमतेम रुतत होता. म्हणून संध्याकाळी सगळ्या बाटल्या पुन्हा गार करून वायू सोडला आणि झाकणे बदलली. आणखी दोनदा तरी असे करावे लागेल असे दिसते.