फ्लिंटलॉकने हरणाची शिकार: पहिल्यांदा जातोय, काय घालू?

घाटावरचा:
नमस्कार मंडळी. मी पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेजजवळ राहतो. शेजारच्या सत्तरीतल्या आजोबांनी नाताळानंतरच्या फ्लिंटलॉक (गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या बंदुकीच्या) सीझनला बरोबर चल म्हटलंय. कोर्स झाला, लायसन्स घेतलं, मझलोडरचा, म्हणजे तोंडातून भरायच्या बंदुकीचा, वेगळा परवानाही काढला. बंदूक त्यांचीच, पन्नास कॅलिबरची. ते वडिलांचा लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरी कोट घालतात आणि मला म्हणाले, "जीन्स घालून आलास तर परत पाठवीन." माझ्याकडे चांगलं वॉटरप्रूफ जॅकेट आहे, ते का नको? आणि गावी पणजोबांची ठासणीची बंदूक होती, ही तशीच का?

फुसका_बार:
आयडी उगाच घेतलेला नाही, पुढे कळेल. वयाने लहान वाटतोस म्हणून अरे-तुरे करतोय.

अकरा हिवाळे जातोय. तुझं जॅकेट चालेल, पण हात हलवला की त्याची चुरचुर लांब जाते, आणि ह्या बंदुकीला हरिण पन्नास-साठ पावलांवर यावंच लागतं. लोकर गप्प असते, भिजली तरी ऊब धरते. जीन्स भिजली की मांड्यांना बर्फ बांधल्यासारखं. त्या लाल-काळ्या लोकरी जोडीला इकडे गमतीने 'पेनसिल्व्हेनिया टक्सिडो' म्हणतात. ते कापड ज्या गावाचं, त्या वुलरिचमधली गिरणी 2018 मध्ये बंद पडली, म्हणून जुने कोट लोक जपतात. माझा जुन्या कपड्यांच्या सेलमधला, वीस डॉलरचा. पूर्वी परवाना पाठीवर लावायला लागायचा, त्या पिनेची दोन भोकं अजून तशीच आहेत. रफू करायचं मनात येत नाही. अंगावर नारिंगी रंग घालण्याचा नियम मात्र यंदाच्या पुस्तिकेत बघून घे.

पण कपड्यांत फार अडकू नकोस. खरं काम बंदुकीची दारू कोरडी ठेवण्याचं. घोडा पडला की गारगोटी पोलादी पट्टीवर घासते, ठिणग्या वाटीतल्या रंजकीवर, म्हणजे पेटवणाच्या दारूवर, पडतात, आग कानातून, म्हणजे नळीच्या बाजूच्या बारीक भोकातून, आत जाते, मग बार उडतो. ह्यात क्षणभर जातो आणि नाकासमोर भडका होतो. नवखा नेमका तिथेच डोळे मिटतो.

तिसऱ्या वर्षी मी रंजक झाडून बंदूक केबिनमध्ये नेली, कॉफी प्यायला. गार लोखंडाला उबेत घाम फुटला. तासाभराने मादी चाळीस पावलांवर. घोडा पडला, वाटीत फुस्स, थोडा धूर, बस्स. तिने मान वर केली, मला नीट बघितलं आणि मग पांढरी शेपटी उभारून सावकाश गेली. पळाली असती तर एवढं लागलं नसतं.

तेव्हापासून बंदूक दिवसभर बाहेर थंडीतच, डबाही बाहेरच खातो. कानात पीस खुपसलेलं, कळीवर, म्हणजे घोडा-वाटीच्या भागावर, मेण लावलेल्या चामड्याचं झाकण, आणि अर्ध्या तासाने रंजक बदलायची. बार नाही उडाला तर नळी मोकळ्या दिशेला धरून एक मिनिट थांब, कधीकधी उशिरा उडतो. संध्याकाळी कितीही दमलास तरी कोमट पाण्याने नळी धुऊन, पुसून, तेल लाव. नाहीतर सकाळी गंज.

कातळावरून:
रंजक, कान! आजोबा गेल्यापासून हे शब्द कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते. तोफेच्या कानात खिळे ठोकायचे, तोच हा कान.

@घाटावरचा, आमच्या रत्नागिरीकडची ठासणीची बंदूक बहुतेक केपाची. दारू-गोळी तोंडातूनच, गजाने ठासायची, पण पेटवायला गारगोटीऐवजी केप, म्हणजे घोड्याच्या ठोक्याने पेटणारी छोटी टोपी. पावसात हिच्यापेक्षा बरी. आमच्याकडे परवाना शेतीसंरक्षणाचा होता. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आमच्याकडची शिकार संपली, मग आजोबा माकडं पळवायला नुसता दारूचा बार काढायचे. आजी प्रत्येक बाराला शिव्या द्यायची, कोंबड्या अंडी देत नाहीत म्हणून.

फुसका_बार:
बरोबर. तुमची ती केपाची इथे नाताळानंतर चालायची नाही. हा सीझन 1974 पासून आहे तो गारगोटीवाल्यांसाठीच.

घाटावरचा:
जॅकेट रद्द. आजोबांच्या भावाची लोकरी पँट मिळतेय, कमरेत चार इंच मोठी, नाडी बांधीन. एकच राहिलं: कानात घालायचं पीस कुठून आणू?

फुसका_बार:
टर्कीचं घे. आजोबांच्या टोपीत एखादं असेलच, बघ.