मदत हवी आहे: ग्वाल्हेरच्या थंडीतही हिरवं राहील असं जमिनीलगत काय लावू?

नमस्कार मंडळी,

आम्ही ग्वाल्हेरला, लष्कर भागात राहतो. घराच्या उत्तरेला, भिंत आणि कंपाउंडच्या मधे साधारण चार फूट रुंद मातीचा पट्टा आहे. तिथे बारा महिने हिरवं राहील असं, बुटकं, पसरणारं काहीतरी लावायचंय.

अडचण जागेची आहे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे घराची सावली दिवसभर या पट्ट्यावरच. पारा चार-पाच अंशांवर येतो, धुकं असलं की दुपार झाली तरी पानांवरचं दव वाळत नाही. हरळी पिवळी पडते, मग तपकिरी होते, आणि सावलीमुळे मधे मधे नुसती माती दिसते. मे-जूनमधे सगळं उलट! सूर्य ईशान्येला उगवून वायव्येला मावळतो, म्हणून सकाळ-संध्याकाळचं ऊन थेट तिथेच, वर ४५ अंशांची लू. सावलीचं झाड उन्हाळ्यात करपतं, उन्हाचं हिवाळ्यात कुजतं.

नर्सरीत जो तो वेडेलिया सुचवतो. पिवळी फुलं छान दिसतात, पण ती वेल पेरापेराला मुळं धरते आणि एकदा शिरली की निघता निघत नाही. जगातल्या शंभर उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे. पलीकडेच आमची अळू-पुदिन्याची जागा आहे, त्यामुळे ती नकोच.

मोंडो ग्रासचा विचार चाललाय. थंडी आणि सावली त्याला मानवते, पण कडक उन्हात पात्यांची टोकं जळतात, आणि पसरतं फार सावकाश. दुसरी जलपिंपळी. ती तर आपल्याकडचीच, तळ्याकाठी आपोआप उगवणारी, तुडवली तरी तग धरते. मात्र दाट सावलीत विरळ होते.

भिंतीलगत मोंडो आणि कंपाउंडच्या बाजूला जलपिंपळी, असं कुणी लावून पाहिलंय का? जलपिंपळी मोंडोवर चढून बसेल का? लावायचं कधी, फेब्रुवारी संपताना की पहिल्या पावसानंतर? आमचं पाणी बोअरचं, जड आहे. आई रोज सकाळी तिथूनच अनवाणी तुळशीकडे जाते, म्हणून विंचूकाट्याला लपायला जागा होईल असं उंच, दाट काही नको.

पुण्या-मुंबईकडची नावं भरपूर मिळाली, पण तिकडे असा हिवाळा नसतो. दिल्ली, झाशी, कानपूरकडच्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल.