कस्टमरला मशीनचा लाइव्ह डेटा हवाय, सर्व्हिसवाल्याला रिमोट हवाय, मग किल्ली कोणाकडे ठेवायची?

भोसरीचा_सेटर

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण पूर्ण वाचा, अर्धवट सांगितलं तर उत्तरं पण अर्धवट येतील.

आमचं भोसरी एमआयडीसीत छोटं युनिट आहे, 9 व्हीएमसी (उभी मिलिंग मशीन) आणि 5 टर्निंग (लेथ), दोन शिफ्ट, सगळे ऑटोचे जॉब. मी स्वतः 12 वर्षं सेटर, म्हणजे मशीनवर जॉब आणि टूल लावून देणारा होतो, मग भावाबरोबर हे सुरू केलं, त्यामुळे मशीन कळतं पण नेटवर्कमधलं फार कळत नाही. आता एका मोठ्या कस्टमरचं पत्र आलंय की पुढच्या तिमाहीपासून त्यांचे पार्ट ज्या मशीनवर चालतात त्याचा लाइव्ह डेटा त्यांच्या पोर्टलवर दिसायला पाहिजे. त्यांच्या सॉफ्टवेअरवाल्याचा फोन आला, म्हणतो राउटरमध्ये 8193 पोर्ट (नेटवर्कमधलं आत यायचं दार) बाहेरून उघडून द्या, बाकी आम्ही बघून घेतो. मी हो म्हणणारच होतो, पण मागच्या महिन्यात जे झालं त्यामुळे हात थांबला.

शॉप फ्लोअरच्या कोपऱ्यात आमचा एक पीसी आहे, प्रोग्राम पाठवायला. त्याच्यावर रिमोट डेस्कटॉप कायम चालू. आयडी पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरला सेलोटेपने चिकटवलेली, कूलंटच्या हातांनी पिवळी पडलेली, आणि अक्षर 3 वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या प्रोग्रामरचं. एका रात्री पावणेअकराला सर्व्हिसचा इंजिनियर घरून आत आला, त्याला दुसऱ्या कुठल्यातरी युनिटच्या मशीनचे ऑफसेट (टूल आणि जॉब कुठे आहे हे मशीनला सांगणारे आकडे) परत टाकायचे होते, त्याच्या यादीत त्यांचं पण व्हीएमसी 3 आणि आमचं पण व्हीएमसी 3. त्याने आमच्यावर टाकले. आमच्याकडे तेव्हा जॉब बदलणं चालू होतं, ऑपरेटरने सायकल स्टार्ट दिली आणि फेस मिल (कटर) सरळ जॉब धरणाऱ्या क्लॅम्पवर. दार बंद होतं म्हणून कोणाला लागलं नाही. इन्सर्टचे (कटरच्या कापणाऱ्या टिपांचे) तुकडे काचेला आतून रुतलेले मी सकाळी बघितले.

आणि खरं दुखतंय ते पुढचं. मी त्या ऑपरेटरलाच बोललो, सगळ्यांसमोर. तो सांगत होता मी ऑफसेटला हात लावला नाही, मी ऐकलं नाही, कारण दुसरं कोणी मशीनजवळ नव्हतंच. तिसऱ्या दिवशी त्या इंजिनियरने स्वतःहून फोन करून चूक सांगितली, तेव्हा कळलं. त्याने सांगितलं नसतं तर माझ्याकडे शोधायला काहीच नव्हतं. मुलगा 4 वर्षं आमच्याकडे आहे. मी त्याची माफी मागितली, पण ते दोन दिवस काही परत येत नाहीत.

तर प्रश्न असा की कस्टमर, सर्व्हिसवाला, हीट ट्रीटमेंटवाला, प्लेटिंगवाला, सगळ्यांना काही ना काही द्यावंच लागणार आहे, दार बंद करून धंदा होत नाही. पण कोणाला काय द्यायचं आणि कसं, हे जरा समजेल अशा भाषेत कोणी सांगेल का?

सातपूरची_पॅनलवाली

दादा, सगळ्यात आधी, तो पोर्ट उघडू नका. आजच नाही म्हणून कळवा. 8193 हा फॅनकच्या (मशीनचा कंट्रोलर बनवणारी कंपनी) फोकसचा, म्हणजे नेटवर्कवरून कंट्रोलरशी बोलायच्या सोयीचा पोर्ट आहे आणि फोकस फक्त वाचत नाही, त्याच रस्त्याने ऑफसेट, मॅक्रो व्हेरिएबल, पॅरामीटर लिहिता पण येतात. म्हणजे कस्टमरला पार्ट काउंट बघायला म्हणून जे दार उघडाल त्याच दारातून मागच्या महिन्यातलं प्रकरण पुन्हा होऊ शकतं, आणि या वेळी करणारा ओळखीचा पण नसेल. ही भाषा कारखान्याच्या चार भिंतींसाठी बनलेली, इंटरनेटसाठी नाही. मॉडबसचं पण तेच, कंट्रोलर एकमेकांशी बोलतात तो 1979 चा प्रोटोकॉल, त्यात पासवर्ड ही गोष्टच नाही, जो केबलवर आला तो घरचा.

मी 15 वर्षं नाशिकमध्ये पॅनल आणि ऑटोमेशन करते, आमची पद्धत सांगते. मशीनचं नेटवर्क वेगळं करा, म्हणजे खरोखर वेगळं. आत्ता तुमच्याकडे बहुतेक एकाच 24 पोर्टच्या स्विचमध्ये मशीन, टॅली, हजेरीचं थम्ब मशीन, सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि ऑफिसचं वायफाय सगळं खोचलेलं असणार, मी जिथे जिथे गेले तिथे हेच बघितलंय. डीव्हीआरचा पासवर्ड कंपनीतून आला तोच असतो, आणि तो डीव्हीआर तुमच्या व्हीएमसीला बघू शकतो. मॅनेज्ड स्विच घ्या, व्हीलॅन पाडा म्हणजे एकाच स्विचमध्ये वेगवेगळे कप्पे करा, मधे कोणाला जाऊ द्यायचं ते ठरवणारा छोटा फायरवॉल ठेवा. मशीन आणि ऑफिस यांच्यामध्ये एकच पीसी, दोन लॅन कार्डवाला, त्याला आम्ही गेटवे म्हणतो. तो आतल्या बाजूने मशीनला विचारतो आणि बाहेरच्या बाजूने कस्टमरच्या सर्व्हरला स्वतःहून पाठवतो, एमक्यूटीटीवर (छोटे डेटा मेसेज पाठवायची पद्धत), टीएलएस लावून म्हणजे मधे कोणी वाचू नये असं कुलूपबंद करून, पोर्ट 8883. लक्षात घ्या, कॉल आपण लावायचा, बाहेरून कोणाचा कॉल घ्यायचाच नाही. राउटरमध्ये बाहेरून आत येणारा एकही पोर्ट उघडा लागत नाही.

सर्व्हिसवाल्याचं वेगळं. त्याला आत यावंच लागतं, त्यासाठी इंडस्ट्रियल रिमोट राउटर मिळतात, इवॉन वगैरे, त्यांना डिजिटल इनपुट असतो. त्या इनपुटवर आम्ही पॅनलच्या दारावर किल्लीचा सिलेक्टर स्विच लावून देतो आणि वर एक पिवळा दिवा. मेंटेनन्सवाल्याने किल्ली फिरवली तरच बाहेरचा माणूस आत येऊ शकतो, दिवा लागला की अख्ख्या शॉपला दिसतं की या मशीनवर आत्ता बाहेरून कोणीतरी आहे, सायकल स्टार्टला हात लावू नका. काम झालं की किल्ली काढून सुपरवायझरच्या खिशात. आता तुम्ही सेटर होतात म्हणून सांगते, प्रोग्राम प्रोटेक्टची (प्रोग्राम कोणी बदलू नये म्हणून असलेली) किल्ली कशी सगळीकडे मशीनलाच लटकत असते, तसं याचं होऊ देऊ नका, मग सगळं केलेलं पाण्यात.

क्यूए_चाकण

ताईंनी मशीनचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो कारण माझा हात तिथे भाजलाय.

आम्ही ड्रॉइंग शेअर करायला एकच ड्राइव्ह फोल्डर ठेवलं होतं, लिंक ज्याच्याकडे तो बघू शकतो अशा सेटिंगवर. हीट ट्रीटमेंटवाला, प्लेटिंगवाला, गेज बनवणारा सगळ्यांना तीच लिंक व्हॉट्सअॅपवर. त्या फोल्डरमध्ये दोन कस्टमरचे पार्ट शेजारीशेजारी, आणि ते दोघं बाजारात एकमेकांचे स्पर्धक. एका ऑडिटमध्ये ऑडिटरने प्लेटिंगवाल्याच्या मोबाइलवर आमचं फोल्डर उघडलेलं बघितलं, त्यात दुसऱ्याचा अजून बाजारात न आलेला पार्ट. गोपनीयतेचा करार सही केलेला होता आमचा. पुढचे 6 महिने नवीन आरएफक्यू (रेट मागणारी चौकशी) आली नाही.

तेव्हापासून असं करतो की परवानगी कंपनीला नाही, माणसाला द्यायची, आणि पार्टपुरती द्यायची. हीट ट्रीटमेंटवाल्याला पूर्ण ड्रॉइंग लागतच नाही हो, त्याला मटेरियल, हार्डनेस, केस डेप्थ (वरचा कडक थर किती खोल), बॅच नंबर एवढंच लागतं, तेवढीच शीट द्या. ज्याला रिव्हिजन सी दिली त्याची रिव्हिजन बी बंद करा, नाहीतर जुन्यावर माल बनवून आणतो आणि चूक कोणाची यावर भांडण. आणि दर महिन्याच्या 1 तारखेला यादी काढून बघा कोण सोडून गेलं. आमच्या यादीत पहिल्यांदा बघितलं तेव्हा 31 नावं होती, त्यातली 11 माणसं कुठे आहेत हे कोणालाच माहीत नव्हतं.

अजून एक, घड्याळं जुळवा. हसण्यावारी नेऊ नका. तुमच्या मशीनचं घड्याळ, पीसीचं घड्याळ आणि राउटरचं घड्याळ तिन्ही वेगळी असतील तर लॉग असून नसल्यासारखा, पावणेअकराला काय झालं हे कधीच जुळणार नाही. सर्ट-इनचे (सायबर सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) 28 एप्रिल 2022 चे निर्देश आहेत त्यात पण हे आहे, घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवायची पद्धत) जुळवलेली, लॉग 180 दिवस ठेवायचे आणि सायबर घटना कळल्यापासून 6 तासांत रिपोर्ट करायची. ते फक्त मोठ्यांसाठी आहे असा लोकांचा समज असतो, तसं नाही.

तुर्भे_टर्निंग

सगळं बरोबर आहे पण भोसरीवाल्यांना खर्च पण सांगा ना, 14 मशीनवाल्याला आयटीचा माणूस ठेवणं परवडत नाही, आमच्याकडे तर अकाउंटंटच राउटर रिस्टार्ट करतो. कस्टमर म्हणतो सिक्युरिटी पाहिजे, पीसचा रेट मात्र तोच. आणि मला तर हॅकरपेक्षा दुसरीच भीती वाटते, लाइव्ह डेटा दिला की सायकल टाइम त्यांच्या पर्चेसला कळला, मग पुढच्या मीटिंगला म्हणणार तुमचं 4 मिनिट 10 सेकंदात होतंय मग रेट 5 मिनिटाचा का. आम्ही टूलिंगवर डोकं लावून वाचवलेले 50 सेकंद ते घेऊन जाणार. याचं काय करायचं?

श्टुटगार्टचा_कोल्हापुरी

तुर्भेवाले, तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तो फक्त आपल्याकडचा नाही. मी मूळचा कोल्हापूरचा, वडिलांची शिरोलीला फाउंड्री होती, आता इकडे जर्मनीत ऑटोच्या सप्लाय चेनच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. इथले छोटे सप्लायर हेच म्हणत होते. त्यातून 2021 मध्ये कॅटेना-एक्स, म्हणजे ऑटोवाल्यांचं डेटा देवाणघेवाणीचं नेटवर्क उभं राहिलं, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, बॉश, एसएपी, सीमेन्स असे सगळे त्यात आहेत. त्याचा गाभा असा की सगळ्यांचा डेटा एका मोठ्या डब्यात ओतायचा नाही. डेटा ज्याचा त्याच्याकडेच राहतो, प्रत्येकाकडे एक कनेक्टर असतो, समोरचा मागतो तेव्हा कनेक्टर आधी बघतो की हा कोण, याची ओळख पक्की आहे का, आणि हा डेटा कशासाठी मागतोय. त्या वापराच्या अटी आधी मान्य झाल्या तरच पुढे. म्हणजे कार्बन फूटप्रिंटसाठी दिलेला आकडा कार्बन फूटप्रिंटसाठीच. युरोपात इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीला बॅटरी पासपोर्ट (तिची डिजिटल माहितीपत्रिका) 18 फेब्रुवारी 2027 पासून बंधनकारक आहे, त्यामुळे खाणीपासून गाडीपर्यंत सगळ्यांना एकमेकांना काही ना काही दाखवावंच लागणार.

पण प्रामाणिकपणे सांगतो, एकदा आकडा समोरच्याच्या स्क्रीनवर गेला की कुठलंही सॉफ्टवेअर तो परत आणू शकत नाही. म्हणून कागद लागतोच. भोसरीवाल्यांनी कस्टमरला लेखी विचारावं, तुम्हाला नक्की काय बघायचंय? बहुतेक वेळा उत्तर असतं की माल वेळेवर येणार का. त्याला प्रत्येक सायकलचा टाइम लागत नाही, दर तासाला तयार झालेले पीस, मशीन चालू की बंद, आणि बंद असेल तर कारण, एवढं पुरतं. ताईंचा गेटवे आहे ना, तोच तासाची बेरीज करून पाठवेल, सेकंदाचा डेटा तुमच्याच भिंतीच्या आत राहील. आणि करारात एक ओळ घाला की हा डेटा रेट ठरवायला वापरणार नाही. मागायला लाजू नका.

ओपीसी यूए (मशीन आणि सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलायची नवी पद्धत) वापरत असाल तर एक सांगून ठेवतो. पहिल्यांदा नवीन क्लायंट जोडला की त्याचं सर्टिफिकेट (डिजिटल ओळखपत्र) रिजेक्टेडमध्ये पडतं, ते तुम्ही हाताने ट्रस्टेडमध्ये टाकायचं असतं. इन्स्टॉलेशनवाला घाईत असतो, तो सिक्युरिटी नन (सुरक्षा काहीच नाही) आणि अॅनॉनिमस (बिननावाचं) लॉगिन टिक करून निघून जातो, चालतंय म्हणून कोणी परत बघत नाही. मी जर्मनीत पण हे बघितलंय, छोट्या नाही, चांगल्या मोठ्या प्लांटमध्ये.

आणि छोट्याला कोण विचारतो असं मनात असेल तर कोजिमाचं आठवा. कोजिमा इंडस्ट्रीज, टोयोटाला प्लास्टिकचे पार्ट देणारी. फेब्रुवारी 2022 च्या शेवटी त्यांच्यावर हल्ला झाला, घुसलेला रस्ता होता त्यांच्याच उपकंपनीचं बाहेरच्या एका कंपनीशी बोलायचं रिमोट कनेक्शनचं डबडं. 1 मार्चला टोयोटाचे जपानमधले सगळे 14 प्लांट, 28 लाइन बंद, एका दिवसात साधारण 13,000 गाड्या राहिल्या.

सातपूरची_पॅनलवाली

आणि उलटं पण होतं. जग्वार लँड रोव्हर, आपल्या टाटांची, ऑगस्ट 2025 च्या शेवटी हल्ला झाला आणि जवळपास पाच आठवडे उत्पादन ठप्प. ब्रिटिश सरकारला दीड अब्ज पौंडांच्या कर्जाला हमी द्यावी लागली, ती सप्लायर जगावेत म्हणून. म्हणून कस्टमरचं पोर्टल बंद पडलं तरी तुमचं डिस्पॅच, चलन, बॅच रेकॉर्ड तुमच्या पीसीवर चालू राहिलं पाहिजे, सगळं त्यांच्या पोर्टलवर टाकून मोकळं होऊ नका.

तुर्भेवाले, खर्चाचं म्हणाल तर एकदम सगळं करू नका. फुकटात होणारं आधी करा, रिमोट सॉफ्टवेअर कायम चालू ठेवणं बंद, प्रत्येकाचं वेगळं लॉगिन, ओटीपी चालू, सोडून गेलेल्यांची नावं काढा. स्विच आणि फायरवॉल नंतर. किल्लीचा स्विच आणि दिवा तर पॅनलच्या दुकानात मिळतो, वायर तुमचा इलेक्ट्रिशियन टाकेल.

भोसरीचा_सेटर

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी सांगेल वाटलं नव्हतं.

आज काय केलं ते लिहितो. ती पिवळी चिठ्ठी काढली. रिमोट सॉफ्टवेअर बंद केलं, सर्व्हिसवाल्याला सांगितलं की आत यायचं असेल तर आधी फोन, मग त्याच्या स्वतःच्या नावाच्या लॉगिनने, आणि मशीन जॉब सोडून उभं असेल तेव्हाच. तो काही बोलला नाही, उलट म्हणाला बरं झालं, त्या रात्रीपासून मलाच झोप लागत नव्हती. कस्टमरला मेल केला की पोर्ट उघडणार नाही, गेटवेवरून तासाचा डेटा पाठवू, आणि रेटची ती ओळ पण घातली. उत्तर यायचंय. मशीनची घड्याळं बघितली, व्हीएमसी 3 चं 40 मिनिटं मागे होतं.

आणि किल्ली कोणाकडे ठेवायची हे ठरलं. दिवसा सुपरवायझर, आणि रात्रपाळीला तोच मुलगा ज्याला मी बोललो होतो. त्याला बोलावून सांगितलं की रात्री या मशीनवर बाहेरून कोण येणार हे तू ठरवणार, तू नाही म्हणालास तर मी पण आत येणार नाही. दिवा कुठे लावायचा ते त्यानेच दाखवलं, म्हणतो पॅनलवर नको, मशीनच्या मागे जातो तेव्हा दिसत नाही, टॉवर लॅम्पच्या (मशीनवरच्या रंगीत दिव्यांच्या खांबाच्या) वरच लावा.

ताई, टॉवर लॅम्पचा पिवळा आमच्याकडे आधीच डोअर ओपनला वापरलाय, निळा घेतला तर चालेल का? 24 व्होल्टचाच आहे.

सातपूरची_पॅनलवाली

निळाच घ्या, पिवळ्यापेक्षा बरा, दुसऱ्या कशाशी गोंधळ होणार नाही. रिमोट राउटरचा आउटपुट थेट दिव्याला देऊ नका, मधे रिले (छोट्या सिग्नलवर चालणारा स्विच) टाका. आणि दिवा किल्लीवरून नको, कनेक्शन खरंच जुळलंय त्या सिग्नलवरून घ्या, म्हणजे किल्ली फिरवलीय पण आत कोणी नाही आणि आत कोणीतरी आहे, हा फरक त्याला लांबूनच कळेल. वायरिंग झालं की फोटो टाका, बघून सांगते.