मदत हवी आहे: दुकानाच्या वॉरंटीत 'डिस्प्ले' नाही, पण बिघाड नक्की डिस्प्लेचाच आहे का?

मंडळी, ग्राहक कायद्याचे जाणकार आणि लॅपटॉप उघडून बसणारे, दोघांचीही मदत लागणार आहे.

रिफर्बिश्ड, म्हणजे जुना पण दुरुस्त करून विकलेला, लॅपटॉप घेतला. कंपनीची वॉरंटी केव्हाच संपलेली, दुकानाची स्वतःची ३ महिन्यांची. बिल पक्कं आहे. ४१व्या दिवशी स्क्रीन लुकलुकायला लागली. झाकण पूर्ण उघडलं की काळी, जरा मिटलं की परत दिसते. बाहेरचा मॉनिटर जोडला तर सगळं व्यवस्थित. दुकानात नेला, तर त्यांनी बिल उलटं करून मागची बारीक अक्षरं दाखवली: 'बॅटरी, डिस्प्ले, अडॅप्टर वॉरंटीत नाही.' झालं, विषय संपला. पुढच्या बाजूला 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हेही आहेच.

ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने नुसतं झाकण हलवून बघितलं. म्हणाला, पॅनेल ठणठणीत वाटतंय, बिजागरीतून जाणारी केबल घासली असणार. उघडून खात्री करतो म्हणाला, पण मीच थांबवलं. सील तुटलं की दुकानाला आयतं कारण मिळेल. बरोबर केलं ना?

मग रात्री वाचत बसले. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यात सदोष वस्तू ३० दिवसांत परत करता येते, आणि ६ महिन्यांत दिसलेला दोष मुळातच होता असं धरतात. युरोपीय संघात नव्या वस्तूची २ वर्षं जबाबदारी विक्रेत्यावर. वाचून इतका आनंद झाला की हे सगळं तिकडचं आहे, हे सकाळीच लक्षात आलं! आपल्याकडे दुकानाने लिहून दिलं तेवढाच आपला हक्क, की त्यापलीकडे काही आहे? आणि केबल 'डिस्प्ले'त धरली जाते का?

प्रतिसाद १

सील तोडू दिलं नाहीत, उत्तम केलंत.

वॉरंटी म्हणजेच सगळे हक्क, असं आपल्याकडेही नाही. माल विक्री कायदा १९३० च्या कलम १६ मध्ये माल विकण्यालायक असावा ही अट काही परिस्थितींत गृहीतच धरलेली असते. पण सावध राहा: त्याच कायद्याच्या कलम ६२ नुसार दोन्ही बाजूंनी स्पष्ट ठरवून ती बाजूला ठेवता येते, शिवाय जुन्या वस्तूकडून नव्याची अपेक्षा कोणी धरणार नाही. त्यामुळे 'बारीक अक्षरांना काही किंमत नाही' असं सांगणाऱ्यांच्या नादी लागू नका. दुकान म्हणेल, बिल घेतलंत म्हणजे अट मान्य केलीत. तुम्ही विचारा, बिल हातात पडण्याआधी ही अट मला कोणी सांगितली होती का?

'माल परत घेणार नाही' या ओळीला मात्र फार घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला व पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तुमचे ४१ दिवस झालेत, म्हणून ३० दिवसांच्या मुद्द्यावर सगळी मदार नको. तुमची खरी बाजू केबलची. अट दुकानाने लिहिली आहे, शब्द संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ लिहिणाऱ्याच्या विरोधात लावावा असा युक्तिवाद करता येतो.

आधी लेखी तक्रार स्पीड पोस्टने पाठवा. मग १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन. ते मध्यस्थी करतात, हुकूम काढत नाहीत. तेवढ्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत २ वर्षं.

प्रतिसाद २

कायद्यातलं कळत नाही, पण लक्षणं केबलचीच आहेत. पॅनेल गेलं असतं तर झाकणाच्या कोनाने फरक पडला नसता. झाकण हळूहळू उघडताना सलग व्हिडिओ काढा, सील त्यात दिसू द्या. लगेच काढा. अशी केबल एक दिवस पूर्ण तुटते, मग कोणत्याही कोनात अंधार आणि तुमचा पुरावाही गेला.

धागाकर्ती

व्हिडिओ काढला. पण एक घोळ झालाय. पहिल्याच दिवशी मी दुकानाला व्हॉट्सॲपवर 'डिस्प्ले गेलाय' असं लिहून बसले आहे.

प्रतिसाद १

अरे देवा! तरी बिघडलं नाही, ग्राहकाने तज्ज्ञ असावं अशी अपेक्षा नसते. यापुढे कोणत्याही भागाचं नाव घेऊ नका. काय दिसतं आणि कधी दिसतं, एवढंच लिहा. कारण शोधणं त्यांचं काम. वाद तिथेच अडला तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायलाही पाठवू शकतो.

धागाकर्ती

मग तक्रारीची सुरुवात अशी करते: 'झाकण पूर्ण उघडल्यावर चित्र जाते, थोडे मिटल्यावर परत येते. बाहेरील मॉनिटरवर चित्र अखंड दिसते. सील शाबूत आहे. वॉरंटी चालू असल्याने आपण तपासून दोषाचे कारण लेखी कळवावे.' चालेल ना? उद्या पोस्टात टाकते.